तुरा लाल आहे ना? मग कोंबडी कापायची घाई नको

वाचकाचं पत्र

नमस्कार. आमचं गाव चिपळूण तालुक्यात आहे. पावसाच्या तोंडावर आठवडी बाजारातून तीन गावठी तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या) आणि एक कोंबडा घेतला. तलंगा तेव्हा तीनेक महिन्यांच्या होत्या. गणपतीच्या सुमाराला अंड्यावर आल्या. त्यातली तांबडी दिवाळीपर्यंत दिवसाआड अंडं देत होती, पण गेले तीन आठवडे तिचं एकही अंडं नाही. बाकीच्या दोघींचीही कमी झालीत. एक-दोन अंड्यांचं कवच तर इतकं पातळ निघालं की हातात घेतानाच फुटलं. तांबडी खाते-पिते, तुरा लाल आहे. सकाळी सोडल्या की सगळ्या वाडीत फिरतात आणि तिन्हीसांजेला आपोआप खुराड्यात येतात. खायला तांदळाची कणी आणि उरलेला भात घालते. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. शेजारी म्हणतात वांझ निघाली, कापून टाका. आमच्या ह्यांनी मोबाइलवर पाहिलं की हिवाळ्यात उजेड कमी पडतो, म्हणून ते खुराड्यात बल्ब लावायला निघालेत. नक्की काय करावं? आणि दोन नवीन तलंगा आणाव्यात का?

— एक वाचक, चिपळूण तालुका

उत्तर

ताई, आधी सुरी बाजूला ठेवायला सांगा. दोन महिने अंडी दिलेली कोंबडी वांझ कशी असेल? नऊ महिन्यांचं तिचं वय म्हणजे ऐन उमेदीचं. कोंबडीची सगळ्यात चांगली अंडी पहिल्या दीड-दोन वर्षांतच मिळतात, आणि तुमच्या तांबडीचा तो काळ आत्ता कुठे सुरू झालाय.

पत्रातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. तुरा लाल आहे, असं तुम्ही लिहिलंत. अंडाशय कामाला लागलं की त्यातल्या संप्रेरकांमुळे तुरा फुगतो, लालबुंद होतो आणि हाताला ऊबदार लागतो. अंडी थांबली की काही दिवसांतच तो आक्रसतो, फिका पडतो आणि वाळल्या मिरचीसारखा सुरकुततो. तीन आठवडे अंडं नाही आणि तुरा तरीही भरलेला, हे सहसा जमत नाही. म्हणून माझा पहिला संशय असा की तांबडीने अंडी देणं थांबवलेलंच नाही. ती दुसरीकडे कुठेतरी अंडी घालतेय.

खात्री करून घ्यायला हाताची तपासणी करा. सासूबाईंना दृष्ट काढायची असेल तर काढू द्या, त्याने कोंबडीचं काही बिघडत नाही. पण त्यांच्याकडून कोंबडी चाचपायला जरूर शिकून घ्या. त्यांच्या पिढीतल्या बायका सकाळी खुराडं उघडायच्या आधी एकेक कोंबडी हातात घेऊन सांगायच्या, आज हिचं अंडं आहे, हिचं नाही.

रात्री कोंबड्या शांत झाल्या की तांबडीला उचला. तिचं डोकं तुमच्या पाठीकडे आणि शेपटीची बाजू समोर येईल अशी काखेत धरा. शेपटीखाली, गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना हाडांची दोन टोकं बोटांना लागतील. अंड्यावर असलेल्या कोंबडीची ही हाडं एकमेकांपासून लांब सरकलेली असतात. मध्ये दोन बोटं आरामात मावतात, अंगाने मोठी असेल तर तीनसुद्धा. अंडी बंद असतील तर जेमतेम एक बोट जातं आणि हाडं कडक लागतात. गुदद्वारही बघा. अंडी देणाऱ्या कोंबडीचं ते मोठं, ओलसर आणि थोडं लांबट असतं, न देणाऱ्या कोंबडीचं लहान, गोल आणि कोरडं. बाकीच्या दोघींनाही चाचपा, म्हणजे फरक हातालाच कळेल. पोट दाबू मात्र नका. आत अंडं असेल आणि ते फुटलं तर कोंबडीच्या जिवावर बेतू शकतं.

हाडं लांब लागली तर चोरघरटं शोधायचं. त्याचा जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे तांबडीला सकाळी सोडायचंच नाही. बाकीच्यांना सोडा आणि तिला पाणी देऊन खुराड्यात ठेवा. गावठी कोंबड्या बहुतेक सकाळपासून दुपारपर्यंत अंडं देतात. अकराच्या सुमाराला तिला सोडलं आणि अंडं आलेलं असलं, तर ती दाणे टिपत बसणार नाही, तडक आपल्या जागेकडे निघेल. तुम्ही लांबून, तिच्याकडे न बघितल्यासारखं करत मागे जा. माणूस मागावर आहे असं वाटलं तर ती मुद्दाम भलतीकडे फिरवत नेते. त्या दिवशी हाती लागली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा, कारण कोंबडीचं अंडं रोज असतंच असं नाही. एक अंडं तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात, त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढायलाच. त्यामुळे वेळ रोज थोडी पुढे सरकते, आणि दुपार कलली की ती एखादा दिवस सोडून देते.

शोधताना पेंढ्याची उडवी, लाकडांच्या राशीमागची सांद, गोठ्यातली गव्हाण, माड-पोफळीच्या झावळांचा ढीग आणि केळीच्या बुंध्यातली वाळकी पानं आधी बघा. तिला आडोसा, थोडा काळोख आणि खाली काहीतरी मऊ एवढंच हवं असतं. हात घालण्याआधी काठीने चाळवा. अशा जागी सापही अंड्यांच्या वासाने येतो.

घरटं सापडलं की सगळी अंडी एकदम उचलू नका. एकावर पेन्सिलने खूण करून ते तिथेच राहू द्या, नाहीतर ती उद्या दुसरी जागा शोधेल. उचललेली अंडी एकेक करून पाण्यात सोडा. तळाशी आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं आणि तरंगलं तर टाकून द्यायचं. तुमच्याकडे कोंबडा आहे, म्हणून रात्री अंड्यामागे बॅटरी धरूनही बघा. आत रक्तवाहिन्यांची जाळी दिसली तर ते खायला घेऊ नका. आणि या ढिगातलं एकही अंडं दुकानात किंवा शेजारी विकू नका, कारण किती दिवसांचं आहे हे तुम्हालाच ठाऊक नाही.

मग तांबडीला तीन-चार दिवस दुपारपर्यंत खुराड्यातच ठेवा, की तिला पुन्हा तिथे अंडं द्यायची सवय लागेल. पण तिने खुराडं का सोडलं हेही बघायला हवं. बहुतेकदा तिथे अंडं द्यायला वेगळी जागाच नसते, किंवा असते ती सगळी विष्ठेने भरलेली. जुनी करंडी नाहीतर फूटभर लांबरुंद खोका घ्या, त्यात भाताचा पेंढा भरा आणि अर्धवट काळोख राहील अशा कोपऱ्यात ठेवा. कोंबड्या रात्री ज्या दांडीवर बसतात तिच्यापेक्षा ही जागा खाली हवी. उंच असली तर त्या तिथेच झोपतात आणि घाण करतात. आत एक खोटं अंडं ठेवा, टेबल टेनिसचा पांढरा चेंडूसुद्धा चालतो.

एका रात्री खुराड्यात बॅटरी घेऊन जा आणि दांडीच्या फटीत, कोपऱ्यात बारीक तांबडे किडे धावतात का बघा. पांढरा कागद दांडीखालून पुसला आणि त्यावर रक्ताचे डाग उमटले तर समजा, हे किडे रात्रभर कोंबड्यांचं रक्त पितात. दिवसा ते दिसत नाहीत, म्हणून माणसाच्या लक्षात येत नाही. पण कोंबडी मात्र ती जागा टाळते, आणि रक्त कमी झालं की अंडीही घटतात. खुराडं रिकामं करून कडकडीत पाण्याने धुवा, उन्हात वाळवा, फटी बुजवा. कोंबड्यांना अंग घुसळायला कोरडी राख आणि माती एका खळग्यात ठेवा. फवारायचं औषध पशुवैद्यकाला विचारूनच आणा. शेतीचं कीटकनाशक खुराड्यात कधीही मारू नका.

हाताला अंड्यावरची लागते, पण घरटं कुठेच सापडत नाही, असंही होऊ शकतं. मग अंडं कोणीतरी पळवतंय. कोकणातल्या वाडीत मुंगूस, घोरपड, धामण, कावळा यातलं कोणीही असू शकतं. कधी कधी कोंबड्या स्वतःच अंडं फोडून खातात, आणि तुमच्याकडे पातळ कवचाची अंडी निघतायत म्हणून ही शंका सोडून चालणार नाही. एकदा फुटलेल्या अंड्याची चव लागली की सवय जडते. पेंढ्यात बलक सांडलेला, चिकट झालेला दिसला किंवा एखादीच्या चोचीला पिवळं लागलेलं दिसलं तर हेच कारण. अंडी सकाळपासून दोन-तीनदा उचलत राहा.

आता समजा हाडं जवळ लागली, म्हणजे अंडी खरंच थांबलीत. गावठी कोंबडीत याचं नेहमीचं कारण म्हणजे ती खुडूक होते. दहा-पंधरा अंडी घालायची आणि मग उबवायला बसायचं, हा तिचा मूळ स्वभाव. म्हणून तर गावठी कोंबडी वर्षाला साधारण 50 ते 80 अंडी देते. बाजारात विकणारा "रोज अंडं देईल" म्हणतो, ते गावठीच्या बाबतीत मनावर घेऊ नका. पण खुडूक कोंबडी रात्रीसुद्धा घरट्यातून हलत नाही. दिवसातून एकदा धावत येते, भराभर खाते आणि परत जाऊन बसते. हात लावला की पिसं फुलवते, चोच मारते, खुड्‌खुड्‌ आवाज काढते. तुमची तांबडी दिवसभर फिरते आणि तिन्हीसांजेला दांडीवर येते, म्हणजे ती निदान आज तरी खुडूक नाही.

पुढे कधी झालीच, आणि पिल्लं हवी असतील, तर कोंबडा आहेच. आठ-दहा ताजी अंडी खाली ठेवून 21 दिवस बसू द्या. पिल्लं नको असतील तर खाली जाळी असलेल्या, जमिनीपासून उचललेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा. दाणा-पाणी भरपूर द्या, पेंढा काहीही नको. पोटाला खालून वारा लागला की उबवायची ओढ उतरते. काही ठिकाणी नाकपुडीत पीस अडकवतात किंवा कोंबडीला पाण्यात बुचकळतात. कृपा करून तसं करू नका. जनावराला विनाकारण त्रास होतो, आणि पिंजऱ्याने जे काम होतं त्यासाठी त्याची गरज नाही.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या गोष्टीने मला खरी काळजी लागली, तिच्याकडे येते. कणी आणि भात. तांबडीचं घरटं सापडेल, पण बाकीच्या दोघींची अंडी घटली आणि कवचं पातळ झाली, हा प्रश्न तिघींचाही आहे आणि तो खाण्याचा आहे.

100 ग्रॅम तांदळात प्रथिनं असतात सुमारे 7 ग्रॅम. एका गावठी अंड्यात 5 ते 6 ग्रॅम प्रथिनं जातात. म्हणजे दिवसभर कणीने पोट भरलं तरी एक अंडं घातल्यावर तिच्या अंगाला काही उरत नाही. शिजवलेल्या भातात तर दोन तृतीयांश पाणीच असतं, पोट फुगतं आणि हाती काही लागत नाही. कवचाचा हिशेब याहून वाईट आहे. एका कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असतं आणि तांदळात ते नावापुरतंच. मग कोंबडी आपल्या हाडांतलं कॅल्शियम काढून कवचाला लावते. तेही कमी पडलं की कवच पातळ होतं, आणि शेवटी शरीर अंडंच थांबवतं.

तुम्ही विचाराल, गणपतीपासून दिवाळीपर्यंत हाच दाणा होता, तेव्हा कसं भागलं? तेव्हा तुमची वाडी त्यांना पोसत होती. पावसाळ्यात कोकणातल्या मातीत गांडुळं, किडे, नाकतोडे, गोगलगाई, कोवळं गवत, सगळं मुबलक. गोगलगाईच्या शिंपीतून चुनाही, म्हणजे हेच कॅल्शियम, मिळतो. दिवाळी सरली की जमीन सुकते, गवत पिवळं पडतं, किडे दिसेनासे होतात. आपली तांबडी माती मुळातच आम्लयुक्त आणि चुन्याला गरीब, त्यामुळे कोंबडीने कितीही उकरलं तरी चुना मिळत नाही. मग उरते फक्त तुमची कणी. दिवाळीनंतर अंडी घटली याचं कारण मला तरी इथेच दिसतं.

उपाय मात्र हाताशी आहे. सोपा मार्ग म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, लेअर मॅश, आणायचं. मांसाच्या कोंबड्यांचं ब्रॉयलर खाद्य घेऊ नका, त्यात चुना कमी असतो. दिवसभर वाडीत फिरणाऱ्या कोंबडीला संध्याकाळी मूठभर, म्हणजे 40 ते 60 ग्रॅम, पुरतं. घरी करायचं असेल तर एक किलोसाठी अर्धा किलो मक्याचा भरडा, 200 ग्रॅम शेंगदाणा किंवा सोयाबीन पेंड, 200 ग्रॅम तांदळाचा कोंडा आणि 50 ग्रॅम सुका जवळा. आणखी 50 ग्रॅम कणी घातली तरी चालेल. मीठ लावलेली सुकी मासळी मात्र नको, आणि दमट होऊन बुरशी आलेली पेंड किंवा मका तर अजिबात नको. त्या बुरशीचं विष कोंबडीच्या यकृतावर जातं. शेवग्याचा पाला रोज एखादी जुडी टांगून ठेवा.

चुन्यासाठी तुमच्यासारखं नशीब घाटावरच्या माणसाचं नाही. घरात तिसऱ्या, कालवं होतात ना? त्यांच्या शिंपल्या फेकू नका. स्वच्छ धुवा, चुलीच्या निखाऱ्यावर भाजा आणि पाट्यावर कणीएवढ्या जाड कुटा. पीठ करू नका, जाड दाणे पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटाच्या पिशवीत, टिकतात आणि रात्री कवच चढत असताना हळूहळू विरघळतात. हे वेगळ्या वाटीत खुराड्यातच ठेवा, दाण्यात मिसळू नका. जिला गरज आहे ती बरोबर हवं तेवढं टिपते, कोंबडा तिकडे फिरकतही नाही. अंड्याची टरफलं द्यायची तर भाजून, ओळखू न येण्याइतकी बारीक करून द्या, नाहीतर अंडी फोडायची सवय तुम्हीच लावाल. फरक दिसायला दोन-तीन आठवडे द्या.

पाणीही बघा. अंड्याचा मोठा भाग पाण्याचाच असतो, आणि एक दिवस भांडं कोरडं राहिलं तरी पुढचे काही दिवस अंडी चुकतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात कोंबडी दुप्पट पाणी पिते, तेव्हा भांडं सावलीत हवं.

बल्बबद्दल तुमच्या ह्यांना सांगा, थोडं थांबा. उजेडाचा आणि अंड्यांचा संबंध खरा आहे. 14 तासांच्या आसपास उजेड मिळाला तर कोंबडी उत्तम अंडी देते, दिवस लहान झाला की कमी देते. पण मोबाइलवरचे ते सल्ले बहुतेक थंड देशांतले असतात. लंडनमध्ये डिसेंबरचा दिवस आठ तासांचाही नसतो. चिपळूणला वर्षातला सगळ्यात लहान दिवस 11 तासांचा आणि सगळ्यात मोठा 13 तासांहून थोडा जास्त. एवढ्या फरकाने अंडी थोडी घटतात, बंद पडत नाहीत. शिवाय पहिल्या वर्षातल्या तलंगा पहिला हिवाळा बहुधा अंडी देतच काढतात. पोटात प्रथिनं आणि चुना नसताना बल्ब लावला तर अंगातला उरलासुरला साठाही ओढला जाईल. खाणं सुधारून महिना झाला आणि तरी उजेड वाढवावासा वाटला, तर पहाटेच्या बाजूने वाढवा. संध्याकाळी बल्ब अचानक बंद झाला की कोंबड्यांना अंधारात दांडी सापडत नाही. आणि वायर पेंढ्यापासून लांब ठेवा.

दुखण्याचं तुमच्या पत्रात काही लक्षण नाही, तरी ओळखून ठेवा. कोंबडी शेपूट खाली टाकून उभी राहिली, सारखी कुंथत असेल, खात नसेल, तर अंडं अडकलेलं असू शकतं. कोमट पाण्यात तिचा मागचा भाग वीस मिनिटं बुडवून ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या. हिरवट पांढरी विष्ठा, मान वाकडी होणं, धाप लागणं ही मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लक्षणं. त्यावर औषध नाही, लसच आधी द्यावी लागते. विष्ठेत जंत दिसले तर जंताचं औषध द्या, पण किती दिवस अंडी खायची नाहीत हे डॉक्टरांना विचारून घ्या. पटापट कोंबड्या मरायला लागल्या तर मेलेली कोंबडी उघड्या हातांनी उचलू नका, लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे.

नवीन तलंगा जरूर आणा, पण आत्ताच नको. या तिघींचं खाणं मार्गी लागू द्या, कवचं घट्ट झाली की मग आणा. बाजारातून आणलेल्या कोंबडीबरोबर रोग आणि किडे येतात, म्हणून नव्या दोघींना निदान तीन आठवडे वेगळ्या डालग्यात, वेगळ्या भांड्यांत ठेवा आणि मानमोडीची लस झाली आहे का हे विकणाऱ्याला विचारा. दवाखान्यात विचारून लस टोचून घेतलीत तर उत्तमच. एकत्र करताना रात्री, सगळ्या झोपल्यावर दांडीवर नेऊन बसवा. सकाळी थोडी टोचाटोची होईल, म्हणून दाण्याची भांडी दोन ठिकाणी मांडा. या गडबडीत तांबडी आणि तिच्या दोघी जोडीदारणी आठवडाभर अंडी कमी देतील. तेव्हा घाबरू नका. जास्त अंडीच हवी असतील तर गावठीऐवजी ग्रामप्रिया घ्या. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या कोंबडीपालनासाठी काढलेली ही जात आहे आणि अंडी गावठीच्या दुपटीहून जास्त देते. ती उबवायला मात्र बसत नाही, पिल्लं काढायची तर ते काम तुमच्या तांबडीकडेच राहील.